दादासाहेबांसाठी राखलेलं रान

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला अजून भेटतात. कुणाच्या लग्नात, मंडळाच्या संक्रांतीला कुणीतरी जवळ येतं आणि म्हणतं, "डॉक्टर पाटणकर म्हणजे ग्रेट माणूस हो. काय रान उभं केलं होतं त्यांनी पेन्सिल्व्हेनियात!" मी हातातली तिळाची वडी मोडते आणि म्हणते, "हो ना." माणूस जाऊन इतकी वर्षं झाल्यावर भांडायचं कुणाशी? पण आज लिहायला बसलेच आहे, तर खरं तेच लिहिते. भाऊजी मला आवडत नसत. आणि त्यांचं ते रान तर मुळीच आवडत नसे, कारण माझी ताई त्यात अडकली होती.

भाऊजी भूल देणारे डॉक्टर. उंच, शिडशिडीत, बारा महिने एकच राखाडी स्वेटर. बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे, आणि माझी खात्री आहे की त्यांना तेच हवं असे. "माझे पेशंट बोलत नाहीत, म्हणून आमचं पटतं," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. नवीन माणसं हसत. ताई हसत नसे, ती पोळ्या करायला उठे.

ऐंशीच्या सुमारास त्यांची शिल्पा कॉलेजला गेली आणि भाऊजींनी गावातलं चांगलं घर विकलं. शेजारी दोन मराठी घरं, कोपऱ्यावर लायब्ररी, ताईची तिथे नोकरी. सगळं सोडून स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या पलीकडे तासाभराच्या अंतरावर डोंगराच्या कुशीत दीडशे एकर जागा घेतली. ओळखीच्यांना वाटलं, डॉक्टर आता सफरचंदं लावणार. आम्हाला पार्सिपनीतल्या घरी फोन आला तेव्हा माझे यजमान म्हणाले, "वा, फार्महाऊस! समरला येऊ." भाऊजी पलीकडून म्हणाले, "समरला नको. पिल्लं लहान असतात."

पिल्लं म्हणजे हरणांची. पांढऱ्या शेपटीची हरणं त्या भागात उदंड. पण नराच्या डोक्यावर बोटभर शिंगं दिसली की शिकारीच्या पहिल्याच सीझनला कुणीतरी त्याला उडवायचं. त्यामुळे हरणं रस्त्यावर गाडीला धडकतील इतकी, आणि पुरा वयात आलेला नर मात्र गावात कुणी धड पाहिलेला नाही. भाऊजींनी ठरवलं की आपल्या रानात नर वाढेल, प्रौढ होईल, आणि तसा एक नर आपण एकदाच, एकाच गोळीत मिळवू. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, मला कधी कळलं नाही. साताऱ्याच्या हायस्कुलात शिकलेला माणूस, अंडंसुद्धा खात नसे.

पण खूळ असलं तरी काम चोख. मातीची तपासणी करून आणली, चुना टाकला, मोकळ्या जागांत क्लोव्हरचं गवत आणि सलगम पेरले. झाडं अर्धवट कापून आडवी केली. अशी झाडं जिवंत राहतात, आणि हरणांना पाला खायला, लपायला मिळतो. हरणं माणसांसारखीच गर्दी झाली की उपाशी मरतात, म्हणून ते दरवर्षी रीतसर परमिट काढून एकदोन माद्या मारत आणि मांस हॉस्पिटलातल्या नर्सेसना वाटून टाकत. लहान नर समोर आला तर बंदूक खाली. "लहान आहे, जाऊ दे," असं म्हणत. इतकी माया मी त्यांच्या तोंडून माणसाबद्दल कधी ऐकली नाही.

जागेच्या बरोबर मधल्या भागाला ते सँक्चुरी म्हणत. तिथे वर्षभर कुणी पाऊल टाकायचं नाही. त्यांनी स्वतःसुद्धा नाही. इथवर ठीक होतं. पण हरणाला वास दुरून येतो, आणि वाऱ्याला सँक्चुरीची हद्द कळत नाही. म्हणून नियम घरात शिरले. खोबरेल तेल बंद. पावडर बंद. उदबत्ती बंद. वारा पश्चिमेचा असेल तर फोडणी बंद. ताई सकाळी उठून आधी खिडकीबाहेर वाऱ्याची दिशा कळायला बांधलेली फडक्याची पट्टी बघायची आणि मग ठरवायची, आज आमटी की नुसता वरण-भात. माझी बहीण! जिच्या हातच्या आमटीसाठी आमच्याकडे लोक निमित्त काढून यायचे.

एका वर्षी ताईने हट्टाने दीड दिवसांचा गणपती बसवला. मी आणि यजमान गेलो, स्टेट कॉलेजहून चारपाच विद्यार्थी आले. घरचं जेवण मिळणार म्हणून बिचारे खूष होते. एकाने येताना झांजा आणल्या होत्या. भाऊजींनी दारातच त्या हातातून घेतल्या, रुमालात गुंडाळल्या आणि कपाटावर ठेवल्या.

"काका, आरतीला लागतील ना?" तो म्हणाला.

"आरती हळू म्हणा," भाऊजी म्हणाले. "देवाला ऐकू येतं."

आणि आम्ही म्हटली. आठनऊ माणसं गोल उभी राहून कुजबुजत आरती म्हणतायत, टाळ्या वाजवायच्या तर तळहात नुसते एकमेकांना लावायचे. मधेच एका मुलाला हसू आवरेना, तो खोकल्याचं निमित्त करून बाथरूममध्ये पळाला. मलाही हसू येत होतं, पण मी ताईकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं. ती डोळे मिटून, ओठसुद्धा न हलवता उभी होती. जेवताना यजमान म्हणाले, "डॉक्टर, हे जरा जास्तच होतंय हं, यार." भाऊजींनी त्यांच्या पानात श्रीखंड वाढलं आणि म्हणाले, "आज वारा वाईट आहे."

शिल्पा सुट्टीत घरी यायची तेव्हा एकदा मला म्हणाली, "मावशी, डॅड इज नॉट अ हंटर. ही इज अ लँडलॉर्ड." मला ते एकदम पटलं. मी म्हटलं, "आणि तुझी आई?" ती म्हणाली, "आई इज द टेनंट."

आता दादासाहेबांबद्दल सांगायला हवं. जागा घेतल्यावर दोनेक वर्षांनी भाऊजींना एक पाडस दिसलं. नर, डावा कान फाटलेला. बहुधा कुंपणाच्या तारेत फाटला असावा. त्या कानामुळे तो दरवर्षी ओळखता येई आणि त्याचं वय अचूक मोजता येई. नराची शिंगं हिवाळा सरताना गळतात, पुन्हा नवी फुटतात. भाऊजी मार्चमध्ये बर्फ वितळला की सँक्चुरीच्या बाहेर बाहेर फिरून त्याची गळलेली शिंगं हुडकत आणि दिवाणखान्यातल्या शेल्फवर जोडीजोडीने मांडत. जिथे ताईला पुस्तकं ठेवायची होती, त्याच शेल्फवर. त्या नराचं नाव त्यांनी दादासाहेब ठेवलं. त्याच्याविषयी बोलताना अहो-जाहो. "दादासाहेब आले होते सकाळी. जरा दमलेले वाटले." आणि त्याच वाक्याला जोडून, "चहा टाक गं." हा 'गं' ताईसाठी.

मला एकदा ते त्याची खूण दाखवायला घेऊन गेले होते. नर शिंगं घासून झाडाची साल काढतात; मनगटाएवढ्या खोडाची साल सोललेली, आत ओलं पिवळं लाकूड. भाऊजींनी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "सुधा, हे बघ. आज पहाटेचं आहे." रान सुंदर झालं होतं, हे मी नाकारत नाही. क्लोव्हर फुललं होतं, पक्षी इतके की ऐकत राहावं. पण मला दिसत होता तो त्यांचा हात. इतक्या हळुवारपणे त्यांनी माझ्या बहिणीच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला नव्हता, आणि मला त्या झाडाचाही राग आला.

शेजारच्या जागेचा मालक अर्ल. जाडजूड, मोठ्याने हसणारा, दर सीझनला जे शिंगवालं दिसेल ते मारणारा. एकदा त्याने हद्दीवर गोळी घातलेला नर भाऊजींच्या बाजूला येऊन पडला. अर्ल बिचारा सभ्यपणे दार वाजवून विचारायला आला, मी आत येऊन घेऊन जाऊ का म्हणून. भाऊजी त्याच्याबरोबर गेले, मीही मागे गेले, कारण मला वाटलं आता भांडण होणार. कान फाटका नव्हता हे आधी त्यांनी पाहिलं. मग गुडघ्यावर बसले, हरणाचं तोंड उघडलं, बॅटरीने दाढा पाहिल्या. दाढांच्या झिजेवरून वय कळतं म्हणे. तोंड हळूच मिटवून उभे राहिले आणि अर्लला म्हणाले, "यू हॅव शॉट अ स्कूलबॉय."

अर्ल गोंधळला. टोपी काढून म्हणाला, "डॉक, इट्स अ डिअर."

पुढे दोन वर्षं भाऊजी त्याच्याशी बोलले नाहीत. अर्लची बायको ताईची त्या डोंगरातली एकुलती एक मैत्रीण होती. ती शुक्रवारी घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन यायची, ताई तिला चहात आलं घालायला शिकवत होती. तेही बंद झालं. मी फोनवर भडकले तर ताई म्हणाली, "जाऊ दे गं. तुला माहिताय ना ते कसे आहेत." ते कसे आहेत हे मला माहीत होतं, म्हणूनच तर मी भडकले होते.

शेवटी मीच एकदा त्यांना समोर बसवून विचारलं. आमच्या बाजूला पार्सिपनीत एक घर विकायला निघालं होतं, आमच्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मी म्हटलं, "भाऊजी, ताई इथे एकटी पडलीय. तुम्ही हॉस्पिटलात जाता, रानात जाता. तिने काय करायचं? किती दिवस?"

मला वाटलं ते वाऱ्याचं काहीतरी सांगतील. पण त्यांनी सरळ उत्तर दिलं. "दादासाहेब पाच वर्षांचे होऊ देत. पाचव्या वर्षी नर पुरा होतो. तो एकदा मिळाला की रान विकतो आणि तिकडे येतो."

"नक्की?"

"पेशंट किती वाजता उठेल हे मी सांगतो, तेव्हा तो तेवढ्याला उठतो."

ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी बहीण त्या हरणाच्या वाढदिवसांवर जगायला लागली. फोनवर पहिली बातमी तीच. "अगं, या वर्षी शिंगं रुंद आलीत." "अर्लच्या बाजूला गेला होता म्हणे, दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही." त्याला कुणी दुसऱ्याने मारू नये म्हणून ती देवापुढे हात जोडायची, आणि पाच वर्षांचा झाल्यावर तिच्याच नवऱ्याने मारावं म्हणूनही. एका आयुष्यात देवाकडे इतकं विचित्र काही कुणी मागितलं नसेल. शेल्फवरच्या शिंगांवरची धूळ ती स्वतः पुसायची.

दादासाहेबांना पाच वर्षं पुरी झाली त्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून मी रजा घेतली आणि एकटीच गाडी चालवत गेले. बंदुकीचा सीझन सोमवारी सुरू होणार होता. रविवारी दुपारी भाऊजी बाहेर कपड्यांची पिशवी भरत होते. रानात घालायचे कपडे ते घरात आणत नसत, सुक्या पानांत घालून शेडमध्ये ठेवत. ताई भांडी घासता घासता मला म्हणाली, "सुधा, तो इथे येतो."

"कोण?"

"दादासाहेब. मागच्या दारी."

तिथे एक जुनं सफरचंदाचं झाड होतं. ताई रोजचं निर्माल्य त्याच्या बुंध्याशी ठेवायची. पूजेची फुलं, नारळाचा तुकडा, नैवेद्याचं केळं. हे कचऱ्याच्या डब्यात टाकायला तिचं मन घेत नसे. घराच्या मागची ती जागा भाऊजींच्या हिशेबात कुठेच नव्हती, कारण फोडणीचा वास सर्वांत जास्त तिथेच. आणि ज्याच्यासाठी घरात फोडणी बंद झाली होती, तो तिन्हीसांजेला तिथे येऊन शेवंती खाऊन जात होता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि तू भाऊजींना सांगितलं नाहीस?"

ताईने नळ बंद केला. "अजून पाच झाली नव्हती ना," ती म्हणाली.

दोन वर्षं तिने ते गुपित पोटात ठेवलं होतं. आधी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, अजून लहान आहे, आणि मागचं दार गेलं असतं. आता मात्र ती सांगणार होती.

सोमवारी भाऊजी पहाटेच रानात गेले आणि संध्याकाळी काहीही न दिसता परत आले, थंडीने ओठ निळे पडलेले. ताईने स्वयंपाकघरातला दिवा लावला नव्हता. ती म्हणाली, "अहो, बंदूक घेऊन इकडे या. आवाज करू नका." कितीतरी वर्षांत हे वाक्य तिने त्यांना म्हणायची ही पहिलीच वेळ असणार.

तो आला होता. मी हरणं पुष्कळ पाहिली होती, पण असा प्राणी पाहिला नव्हता. मान बैलासारखी जाड, पाठ जरा खचलेली, फाटका कान, आणि डोक्यावर ती एवढी मोठी शिंगं. निर्माल्य संपवून तो झाडापासून बाजूला झाला आणि मोकळ्या गवतात आडवा उभा राहिला. तोंडातून वाफ निघत होती. भाऊजींनी दार वीतभर उघडलं. बंदूक खांद्याला लावली. मी कानांवर हात ठेवले. ताईने नव्हते ठेवले. ती पदराचं टोक मुठीत धरून त्यांच्या मागे उभी होती, आणि तिला काय हवं होतं ते तिच्या सगळ्या अंगावर दिसत होतं.

काहीच वाजलं नाही. भाऊजींनी बंदूक खाली केली. तो रमतगमत गेला, आणि ते दाराच्या फटीतून बघत राहिले.

"अजून एक वर्ष," ते कुजबुजले. "सहाव्या वर्षी खरी शिंगं येतात."

पुढे कुणीतरी मला सांगितलं की खाणं ठेवलेल्या जागी हरीण मारणं तिथल्या कायद्यात बसत नाही. हे कारण त्यांनी दिलं असतं तर मी मुकाट्याने मानलं असतं. हात थरथरला म्हणाले असते, मारवलं नाही म्हणाले असते, तरी मी त्यांना माणूस म्हटलं असतं. पण ते म्हणाले अजून एक वर्ष, आणि मला कळलं की सातव्या वर्षीही काहीतरी येतच असणार. ताईला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने दिवा लावला आणि पानं घेतली.

सकाळी चहाला भाऊजी इतके आनंदात होते की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. स्वतःहून बोलत होते. मागचं दार आजपासून कायमचं बंद. मागच्या खिडकीला जाड पडदा. स्वयंपाक पुढच्या खोलीत हलवायचा, तिथे इलेक्ट्रिक शेगडी बसेल. "सँक्चुरी आता घरापर्यंत आली म्हणायची," ते म्हणाले, आणि ताईकडे वळून, अगदी कौतुकाने, "तू ठेवतेस ते ठेवत जा हं. फुलं जरा जास्त घालत जा."

ताईने चहा संपवला. कप विसळून पालथा ठेवला. मग मला म्हणाली, "सुधा, तुझ्या गाडीत किती जागा आहे?"

भाऊजी भांडले नाहीत. त्यांनी विचारलंसुद्धा नाही, किती दिवसांसाठी म्हणून. उलट सामान भरायला मदत केली. दोन बॅगा, पुस्तकांची खोकी, आणि देव्हारा, तो चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर. गाडीची डिकी आपटू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबत दाबत लावली. मी संतापून किल्ली फिरवली आणि गाडी सुरू केली. आमच्या पुढे चालत जाऊन त्यांनी फाटकाची साखळी काढली. मी गाडी त्यांच्याजवळ थांबवली आणि काच खाली केली. मला वाटलं, आता तरी हा माणूस हिच्याशी काहीतरी बोलेल. ताईलाही वाटलं असावं, कारण ती थोडी पुढे झुकली.

भाऊजी खिडकीशी वाकले. "सुधा, पहिल्या वळणापर्यंत अगदी सावकाश जा," ते म्हणाले. "या वेळेला ते त्या बाजूला झोपलेले असतात."

मी गाडी बाहेर काढली. ताईने माझ्यापुढून हात घातला, हॉर्नवर तळवा ठेवला आणि अंगातला सगळा जोर लावून दाबून धरला. फाटकापासून वळणापर्यंत तिने हात उचलला नाही. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येत होता, झाडांवरून कावळे उठत होते, आणि ती समोर बघत रडत होती. मी आरशात पाहिलं. भाऊजी साखळी हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभे होते, आमच्याकडे पाठ करून, रानातून काय पळतंय ते बघत.